‘दर्वीकर’ म्हणजे नेमका कोणता साप? शब्द आला कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयुर्वेदाच्या पुस्तकात ‘दर्वीकर’ विषारी सापांच्या एका जातीसाठी येतो आणि कोशात मात्र त्याचा अर्थ नुसता ‘साप’ दिलेला असतो. मग बरोबर काय?

दोन्ही बरोबर आहे. दर्वी म्हणजे डाव किंवा पळी. नाग फडा काढतो तेव्हा मानेच्या बरगड्या बाजूला पसरतात आणि मान पळीसारखी चपटी दिसते. अशी दर्वी करणारा तो दर्वीकर, म्हणजे मुळात फडेचा साप. अमरकोशात फणी, बिलेशय, विषधर, आशीविष यांच्याच रांगेत हा शब्द सापाचा पर्याय म्हणून बसवला आहे, कारण तो कोश कवींच्या सोयीचा. वैद्याला तेवढ्यावर भागत नाही.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, चौथ्या अध्यायात, सापांचे 80 प्रकार धरले आहेत: दर्वीकर 26, मंडली 22, राजिमंत 10, निर्विष 12 आणि वैकरंज, म्हणजे संकरातून झालेले, 10. संकराचा भाग आज कोणी मानणार नाही. पण पहिले तीन गट बघण्यासारखे आहेत. दर्वीकर फडेचे आणि चपळ. मंडली अंगावर मंडलं, म्हणजे गोल ठिपके असलेले. त्यांचं वर्णन ‘पृथवो मन्दगामिनः’, जाड आणि संथ. राजिमंत तुकतुकीत आणि पट्ट्यांचे. आपल्याकडच्या सापांत बघायचं तर नाग, घोणस आणि मण्यार अनुक्रमे डोळ्यांसमोर उभे राहतात. वेळाही दिल्या आहेत: दर्वीकर दिवसा, राजिमंत रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, उरलेल्या रात्री मंडली. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री किंवा पहाटे चावतो, हे आजचे डॉक्टरही सांगतात.

मला या वर्गीकरणाचं खरं मोल लक्षणांत दिसतं. मंडलीच्या दंशात दाह, सूज आणि शरीरातून रक्तस्राव सांगितला आहे. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही, दंशाची जागा सुजते आणि पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. राजिमंताच्या दंशात श्वास अडतो असं म्हटलं आहे. मण्यारचं विष मज्जातंतूंवर जातं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि छातीचे स्नायू लुळे पडून श्वास थांबतो.

‘गोनस’ हे नाव मंडलींच्या यादीत आहे, आणि आपली घोणस तिथूनच आली. गो अधिक नासा, गाईच्या नाकाची. कात्रजच्या सर्पोद्यानात गेलात तर तिचं डोकं जवळून बघा: त्रिकोणी, मानेपासून वेगळं, आणि नाकपुड्या डोक्याच्या मानाने चांगल्याच मोठ्या. नाव ठेवणाऱ्याने साप नीट पाहिला होता.

मात्र या नावांवर विसंबून घरात निघालेला साप ओळखू नका. फडा काढलेली नसेल तर नाग साध्या धामणीसारखा वाटतो. पट्टे दिसले म्हणजे मण्यारच असं नाही. पुण्यातल्या घरांत, भिंतींवर चढणारा कवड्या बिनविषारी असून पट्टेरी असतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, तर मण्यारचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. मण्यारच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षटकोनी असतात, पण ते बघायला जवळ जायचं नाही. घोणशीच्या ठिपक्यांच्या तीन साखळीसारख्या रांगा असतात; अजगराचे डाग वेडेवाकडे आणि मोठे. अजगराचं पिल्लू समजून घोणस हाताळणं हा घातक गोंधळ.

चावलाच तर साप पकडण्यात वेळ घालवू नका. जमलं तर लांबून फोटो घ्या. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा. आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, चोखू नका: घोणशीच्या दंशात रक्त गोठत नसताना चीर दिली तर ती वाहतच राहते, आणि घट्ट बांधलेल्या भागातलं मांस सडू शकतं. मण्यारचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सुजत नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ म्हणून घरी थांबू नका.

ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात सापाचं नाव सांगता आलं नाही तरी अडत नाही. 2 मिलिलीटर रक्त स्वच्छ काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष घोणस किंवा फुरशासारखं. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच असते.