मेंदूचा धडा आला म्हणून मानसशास्त्र सोडू का?

प्रिय विद्यार्थिनी,

जीवशास्त्रापासून सुटका व्हावी म्हणून तू मानसशास्त्र घेतलंस आणि सुरुवातीलाच चेतापेशी, सिनॅप्स (चेतापेशींमधले सांधे), हायपोथॅलॅमस (मेंदूच्या तळाचा एक छोटा भाग) पुढ्यात येऊन बसले. रात्री दोनपर्यंत पाठांतर, पहाटे साडेपाचला उठणं, आणि दुपारपर्यंत सगळं सफाचट. ‘मला समुपदेशक व्हायचंय, मग हे कशाला? विषय बदलू का?’ असं तू विचारलंयस.

एका धड्यावरून तरी बदलू नकोस.

उद्या तुझ्यासमोर कुणी येऊन बसेल आणि सांगेल, ‘कशातच मन लागत नाही, चिडचिड होते, काही लक्षात राहत नाही.’ हे नैराश्य असू शकतं. पण झोपेत श्वास वारंवार अडकत असेल, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असेल, तरी माणूस नेमकं हेच सांगतो. थायरॉइड मंदावलं तरी तेच. ‘घोरता का? दिवसा डुलक्या येतात का?’ हे विचारायचं ज्याला सुचत नाही, तो समुपदेशक महिनोन्‌महिने त्या माणसाचं बालपण उकरत बसतो. वेळेवर डॉक्टरांकडे पाठवणं हेही तुझ्याच कामात येतं.

आता अभ्यासाचं. नावांची यादी बाजूला ठेव आणि एक प्रसंग धरून चाल. तोंडी परीक्षेला तुझं नाव पुकारलं. मेंदूतला अमिग्डला हा भाग धोका टिपतो, हायपोथॅलॅमसला खबर जाते, शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था जागी होते, अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. बाहेर आल्यावर शरीराला शांत करणारी परानुकंपी चेतासंस्था गाडी पूर्वपदावर आणते. निम्मा धडा इथेच झाला.

हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी साठवायला मदत करणारा भाग, समजण्यासाठी एच. एम. या रुग्णाची गोष्ट वाच. १९५३ मध्ये अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर नवीन घटना त्याच्या लक्षात राहीनात. मात्र आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी केलंय हे त्याला आठवतही नव्हतं! स्मृती एकाच प्रकारची नसते, हे या गोष्टीनंतर वेगळं पाठ करावं लागत नाही.

तुझ्या झोपेबद्दल मात्र स्पष्टच बोलतो. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं. गाढ झोप मुख्यतः पहिल्या चक्रांत मिळते, तर डोळ्यांच्या जलद हालचालींची, ठळक स्वप्नांची आरईएम झोप शेवटच्या चक्रांत वाढत जाते. साडेतीन तासांत उठलीस की हा शेवटचा भाग बहुतेक सगळाच कापला जातो. दिवसा वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, आणि तू पाठांतरासाठी नेमकी तीच मोडतेस. तुझ्या वयाला ८ ते १० तास हवेत. किशोरवयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे लवकर डोळा लागत नसेल तर तो आळस नव्हे. पण पुस्तक अकराच्या आत मिट.

आरईएम झोपेचा शोध लागला तोही १९५३ मध्येच, शिकागो विद्यापीठात. (हे साल या विषयाला भलतंच मानवलेलं दिसतं.) आज निद्रा प्रयोगशाळांत रात्रभराची नोंद ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत तपासतात: मेंदूलहरी, डोळे, हनुवटीचा स्नायू, श्वास. डोळे भिरभिरतायत आणि हनुवटी पूर्ण सैल, म्हणजे आरईएम. हे तंत्रज्ञाचं काम आहे, आणि मेंदूच्या इजेनंतर स्मृती-भाषा तपासणाऱ्या न्यूरोसायकॉलॉजिस्टचं वेगळं. दोन्ही तुझ्या या नावडत्या धड्यातूनच निघतात.

एवढं करूनही गोडी लागली नाही, तर संघटनात्मक किंवा शैक्षणिक मानसशास्त्राकडे बघ. तिथे मेंदूचा भाग कमी असतो, पण पदवीच्या अभ्यासक्रमात जैविक मानसशास्त्राचा पेपर बहुधा असतोच. ज्या कॉलेजांचा विचार करतेयस, त्यांचा पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम आधी मागवून घे. आणि विषय बदलायचा अर्ज भरायचाच झाला, तर आठवडाभर नीट झोपून मग भर.