छोट्या टर्बोजेटमध्ये बायोडिझेल आणि इथेनॉलची चाचणी कशी घ्यावी?

तुमचा प्रश्न असा, की कॉलेजच्या प्रकल्पासाठी मॉडेल विमानातलं छोटं टर्बोजेट हाताशी आहे, त्यात बायोडिझेल आणि इथेनॉल चालवून केरोसिनशी तुलना करायची आहे, तर सुरुवात कुठून करावी. मी टेस्ट स्टँडवर असली इंजिनं चालवतो. इंधन पेटेल की नाही ही चिंता नंतर करा, आधी बेअरिंगकडे बघा.

या आकाराच्या बहुतेक इंजिनांना तेलाची वेगळी टाकी नसते. इंधनातच 4-5 टक्के टर्बाइन ऑइल मिसळतात आणि त्यातलाच थोडा प्रवाह बेअरिंगवर सोडलेला असतो. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेव्हा वंगण कमी पडलं की खेळ खलास. इथेनॉलला स्वतःचं वंगण जवळजवळ नाहीच. शिवाय तुमचं तेल त्यात विरघळतं का, हे काचेच्या बरणीत मिसळून, रात्रभर ठेवून बघा. थर वेगळे झाले तर ते इंजिनात घालायचं नाही. बायोडिझेलचं वंगण उत्तम, पण ते केरोसिनपेक्षा बरंच घट्ट असतं. ज्वलनकक्षातल्या बाष्पीकरणाच्या नळ्यांत ते पूर्ण वाफ न होता रेंगाळलं, की आत काजळी धरते. म्हणून एकदम शुद्ध बायोडिझेल नको. 10, मग 20 टक्के मिश्रण, आणि मधे इंजिन उघडून नळ्या तपासा.

मग पंप. इथेनॉलची ऊर्जा किलोला सुमारे 27 मेगाज्यूल, केरोसिनची 43. घनता जवळपास सारखीच, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेसाठी दीडपटीहून जास्त लिटर ओतावे लागतात आणि पंप आधीच दमतो. बायोडिझेल किलोमागे 37-38 वर येतं, पण जड असल्याने लिटरमागे फरक अगदी थोडा उरतो. तुलना किलोवर करताय की लिटरवर, हे अहवालात स्पष्ट लिहा. परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.

खप मोजायला टाकी सरळ वजनकाट्यावर ठेवा. टर्बाइन फ्लोमीटरचं (इंधनाच्या प्रवाहात चक्र फिरवून प्रवाह मोजणाऱ्या यंत्राचं) कॅलिब्रेशन इंधनाच्या घट्टपणानुसार सरकतं, काट्याला त्याचं सोयरसुतक नाही. इंजिन केरोसिनवर सुरू करा, केरोसिनवरच बंद करा. चाचणीआधी आणि नंतर केरोसिनचे तेच आकडे येतात का बघा. येत नसतील तर मधला फरक इंधनाचा की इंजिनाचा, हे कळणारच नाही. हवेचं तापमान आणि दाब टिपून थ्रस्ट (इंजिनाचा जोर) व आरपीएम (मिनिटाचे फेरे) यांचे आकडे प्रमाणित हवेच्या हिशेबाने दुरुस्त करणं ओघाने आलंच.

उत्सर्जन मोजणार असाल तर निष्कर्ष ताणू नका. इथला दाब कमी आणि ज्वलनकक्ष तोकडा, म्हणून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जास्त दिसतं, नायट्रोजन ऑक्साइड फारसे नाहीत. प्रवासी विमानाच्या इंजिनात चित्र वेगळं असतं.

इथेनॉलची ज्योत उन्हात जवळपास दिसत नाही आणि त्याची वाफ नेहमीच्या तापमानालाही ठिणगी लागताच पेट घेते. सुरू होण्याचा प्रयत्न फसला तर आत साचलेलं इंधन इंजिन तिरकं करून काढल्याशिवाय पुन्हा बटण दाबू नका. आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जवळ ठेवा, कारण पावडरवाला आग विझवतो आणि इंजिनही संपवतो.