शेकर खुर्चीआधी डबा कर
अरे, पहिल्याच फटक्यात शेकर खुर्चीला हात घालू नकोस. शेकर म्हणजे अमेरिकेतला साधं, नेटकं फर्निचर घडवणारा एक ख्रिस्ती पंथ; आधी त्यांचा लंबगोल डबा कर. मेपलची पातळ पट्टी गरम पाण्यात मऊ करून साच्याभोवती वळवायची, टोकाला पाकोळीच्या शेपटीसारख्या जिभा कापायच्या. त्या शोभेच्या नाहीत बरं का! दमट हवेत लाकूड फुगतं, मग आकसतं. सलग रुंद टोक तडकतं, अरुंद जिभा ते सोसतात. जिभा ठोकायला बारीक खिळे तांब्याचे घे, लोखंडी गंजून डाग पाडतात. माझा पहिला डबा वळवतानाच फाटला, पट्टी घाईत भिजवली होती. मग डेन्मार्कचा डिझायनर बोर्गे मोगेन्सन याची शेकर खुर्चीवरून सुचलेली १९४७ची जे३९ खुर्ची बघ: शेकरांच्या शिडीसारख्या पाठीऐवजी एकच रुंद फळी, बैठक कागदी दोरीची. एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर) खाच मारलेली कपाटांची ‘शेकर’ शटरं मात्र यात धरू नकोस.