दोन्हीकडून दलाली घेणारा एजंट आपला कसा?

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर खासगी नोकरीत. जुळे सोलापुरात आठ वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके 42 लाखांना मिळतोय. एजंट आमच्याकडून एक टक्का मागतोय, मालकाकडूनही तेवढाच घेणार आहे. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, तुमचा स्वतःचा एजंट करा. सासरे म्हणतात, एजंट हवाच कशाला? 12 लाख ठेवीत आहेत, 30 लाखांचं कर्ज काढू. काय करावं?

ताई, भावाचं म्हणणं त्याच्या गावापुरतं बरोबर आहे. तिकडे घेणाऱ्याचा एजंट वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा. वर्षानुवर्षं दोघांचंही कमिशन बहुधा विकणाऱ्याच्या पैशातून जायचं. त्यावरून कोर्टबाजी झाली, एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेला तडजोड करावी लागली आणि 17 ऑगस्ट 2024 पासून घर दाखवायला नेण्याआधी घेणाऱ्याशी लेखी करार करून त्यात फी नमूद करणं आलं. आपल्याकडे सोलापुरात सात रस्ता चौकात चहा पिता पिता 'दोन्हीकडून एक-एक' एवढं बोललं की ठरलं. त्यात एजंट कुणाच्या बाजूने बोलणार, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आता त्याच्या जागी बसून हिशेब करा. 42 लाखांत सौदा झाला तर त्याला दोन्हीकडून मिळून 84,000. तुमच्यासाठी घासाघीस करून भाव 41 वर आणला, तर तुमचा एक लाख वाचतो आणि त्याचे 2,000 जातात. दोन हजारांसाठी तो तुमच्याविरुद्ध जाणार नाही, पण एक लाखासाठी मालकाशी भांडणारही नाही. त्याला हवाय तो सौदा, या महिन्यात. म्हणून तो तुम्हाला 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' म्हणतो आणि मालकाला 'पार्टी चांगली आहे, थोडं उतरा' म्हणतो. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, धंदाच तसा आहे.

मग स्वतःचा दुसरा एजंट केला तर? तोही टक्क्यावरच काम करणार, म्हणजे भाव जितका चढा तितकी त्याची कमाई जास्त. शिवाय आणखी 42,000 जाणार. फ्लॅट तर सापडलाच आहे, तेव्हा दुसऱ्याला नेमून काय मिळवायचं? तुम्ही नोकरीमुळे परगावी असता किंवा अक्कलकोट रोडला प्लॉट शोधत असता, जिथे एनए (बिनशेती परवानगीचा) कुठला आणि गुंठेवारी (शेतजमिनीचे पाडलेले छोटे तुकडे) कुठली हे ओळखणारा माणूस लागतो, तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हाही ठरावीक रक्कम ठरवून, टक्क्याने नाही.

सासऱ्यांचंही पूर्ण पटत नाही. फ्लॅट एजंटाने दाखवला, मालकाशी गाठ घालून दिली, त्याचे पैसे त्याला द्यायचेच. परस्पर मालकाला गाठून एजंटाला कटवणं वाईट दिसतं, आणि सोलापूर एवढं मोठं नाही. फक्त त्याचे पैसे खरेदीखत नोंदवलं त्या दिवशी द्या, आधी छदाम नाही. विसार, म्हणजे सौदा ठरवताना द्यायची आगाऊ रक्कम, मालकाच्या नावाने चेकनेच द्या. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, पण ती रोख दिल्याचं सिद्ध करताना नाकीनऊ येतात ते देणाऱ्याच्या. कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात दोष निघाला तर विसार परत, हे वाक्य पावतीवर हवंच.

खरा 'स्वतःचा माणूस' हवा तो वकील. एजंटाने सुचवलेला नको, त्याला रोज एजंटाकडूनच कामं मिळत असतात. सौदा मोडला तरी ज्याची फी बुडत नाही, असा शोधा. 30 वर्षांचा शोध अहवाल (मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याची तपासणी), महापालिकेचा बांधकाम परवाना आणि वापर परवाना, मालकावर बँकेचा बोजा आहे का, घरपट्टी आणि वीजबिल थकलंय का, एवढं तो बघेल. मी माझं पहिलं घर घेताना एजंटाच्या 'सगळं क्लिअर आहे'वर विसंबलो आणि तीन वर्षांची थकलेली घरपट्टी मीच भरली. एजंट तेव्हा फोन उचलत नव्हता.

(नव्या प्रकल्पात बुकिंग करणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथे एजंटाकडे महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.)

दलालीपेक्षा मला काळजी तुमच्या 12 लाखांची वाटते. ते सगळे घराच्या किमतीतच जातायत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून अडीच लाखांहून जास्त लागतील, वर वकील, दलाली, रंगकाम. बँक यातलं सहसा काही देत नाही. ऐन वेळी सोनं मोडण्यापेक्षा कर्ज 33 लाख करा. 20 वर्षांसाठी साडेआठ टक्के धरले तर हप्ता 26,000 वरून 28,600 च्या आसपास जाईल. ते जड वाटत असेल तर हा फ्लॅट जड आहे.

एक गोष्ट एजंट सांगणार नाही. खरेदीखत फक्त तुमच्या नावावर झालं तर महिलांसाठीची मुद्रांक शुल्कातली एक टक्का सवलत मिळते. म्हणजे 42,000, नेमकी दलालीएवढी. मिस्टरांचं नाव सोबत घातलं की ती गेली. मात्र नाव नसेल तर त्यांना जुन्या करप्रणालीत गृहकर्जाची वजावट मिळणार नाही, तेव्हा ते कोणत्या प्रणालीत आहेत हे आधी विचारा.

किमतीची बोलणी मिस्टरांनी थेट मालकासमोर करावीत, एजंट बाजूला बसू दे. चाळिसापासून सुरुवात करा. आणि फ्लॅट पुन्हा बघायला जाल तेव्हा महापालिकेचं पाणी येतं त्या दिवशी जाऊ नका. पाणी यायच्या आदल्या दिवशी सकाळी जा, नळ सोडा, आणि तळमजल्यावरच्या वहिनींना विचारा, उन्हाळ्यात टँकरचे महिन्याला किती जातात.