दोघांचा शनिवार-रविवार : कोल्हापूरला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

कोल्हापूरच्या बाजूला दोन दिवस कसे काढावेत, यावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं उघडली तर बहुतेक दोघांच्या सहलीची निघाली. बाप-लेक, मैत्रिणी-मैत्रिणी, नवरा-बायको. मला फार बरं वाटलं, कारण माझी सगळी भटकंती एकाच माणसाबरोबर झाली आहे, माझ्या वन्संबरोबर. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही दोघी एसटीने पन्हाळ्याला गेलो, त्याला आता ३१ वर्षं झाली. वन्संचे गुडघे दुखतात, मला साखर झाली आहे, पण आमचा शनिवार चुकलेला नाही. खालची उत्तरं त्या शनिवारांतली आहेत.

वडील ७१ वर्षांचे आहेत. शुद्ध शाकाहारी, गुडघ्यांचा त्रास. त्यांना अंबाबाईचं दर्शन आणि खासबागचं कुस्तीचं मैदान बघायचं आहे, मला तांबडा-पांढरा खायचा आहे. शनिवारी सकाळी पुण्याहून गाडीने निघू, रविवारी परतायचं. कसं बसवावं?
– एक वाचक, पुणे

तुमच्या पत्रात ठिकाणं आहेत, वेळा नाहीत. आणि कोल्हापूरला वेळेला फार महत्त्व आहे. देऊळ पहाटेचं, मिसळ सकाळची, रस्सा दुपारचा, दूध तिन्हीसांजेचं. वेळ चुकली की तीच गोष्ट गर्दीत मिळते, नाहीतर संपलेली असते, आणि सोबतचं माणूस दमलेलं असेल तर दिवस नासतो. म्हणून आधी वडिलांच्या झोपेच्या, जेवणाच्या वेळा कागदावर लिहा आणि त्यात गाव बसवा.

सकाळी सातला निघालात तर कराड सोडल्यावर पेठ नाक्याच्या आसपास भूक लागेल. ही ईश्वरपूरची, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपूरची बाजू, अख्ख्या मसुराचा मुलूख. सालासकट शिजवलेला मसूर, कांद्याचा झणझणीत रस्सा आणि ताटाबाहेर जाणारी रोटी. वडिलांना तिथे पोटभर जेवू द्या, म्हणजे कोल्हापुरात दुपारी ते शांतपणे आडवे होतील. ते झोपले की तुम्ही एकटे खानावळीत जा.

हे एकट्याने जाणं तुम्हाला जड वाटेल. पण सोबत आलो म्हणजे प्रत्येक घास सोबतच खायचा असं नाही. वन्संच्या घरी माळ आहे, त्या मटणाच्या ताटासमोर कधी बसल्या नाहीत आणि मीही कधी आग्रह केला नाही. मी जेवून येते, त्या तोवर खोलीवर पेपर वाचतात. मग संध्याकाळी दोघी ताज्या असतो.

खानावळीत बसलात की पांढरा रस्सा आधी प्या, वाटीतून, वाफ निघत असताना. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस घालून तो करतात आणि तो पिण्याचाच पदार्थ आहे. गार झाला की नारळ वेगळा होतो, मग त्याला चव राहत नाही. तांबडा भाकरी कुस्करून खाण्यासाठी ठेवा. तांबड्याने जीभ भाजून घेतल्यावर पांढऱ्याची नाजूक चव कळत नाही, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते.

पाचला वडिलांना घेऊन खासबागला जा. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते, तिथे रोममधलं प्राचीन क्रीडागार बघून त्यांच्या मनात आपल्या मल्लांसाठी असं मैदान बांधायचं आलं. १९१२ मध्ये खासबाग तयार झालं. मधोमध लाल मातीचा हौदा, चारी बाजूंनी उतरत गेलेली बैठक. कुठेही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. कुस्ती नसतानाही तिथे अर्धा तास बसावं. मैदानाला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मी आणि वन्सं दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभ्या राहून ते काळे पडलेले बांधकाम बघत होतो, आमच्याच काय, आजूबाजूच्या कोणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता. त्याची पुनर्बांधणी हाती घेतली आहे. वडिलांनी तिथे जुनी नाटकं पाहिली असतील तर त्यांना बोलू द्या.

तिथून गंगावेशीत जा. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. पहिलवानांच्या तालमींमुळे ही सवय गावाला लागली. वडिलांना पचत असेल तर अर्धा पेला पुरे.

रविवारी पहाटे अंबाबाई. शनिवार-रविवार रांग लांबच लांब असते, दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्यात उभं राहू नये. मुखदर्शनाची सोय आहे, थोडं लांबून पण नीट दर्शन होतं. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी बघायला मात्र वेळ ठेवा, आवारात गर्दी वाढण्याआधी. मग मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे स्लाइस येतात. कट वेगळा मागता येतो, तसं सांगा, म्हणजे वडिलांच्या बशीत तिखट त्यांच्या बेताने पडेल. दहाच्या आत गेलात तर बसायला जागाही मिळते.

रंकाळा, न्यू पॅलेस, जोतिबा हे सगळं मी मुद्दाम सोडलं आहे. पुढच्या खेपेला.

आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, आता दोघीही निवृत्त. सांगलीहून एका दिवसात नृसिंहवाडी आणि खिद्रापूर एसटीने होईल का? आधी कुठे जावं?
– एक वाचक, सांगली

होईल, आणि इतरांना हेवा वाटावा इतका सुंदर दिवस जाईल. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं ओझंही नाही. प्रश्न क्रमाचाच आहे, आणि तो आम्ही एकदा चुकवला आहे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा डिसेंबर होता. वाडीला दर्शन, प्रसाद, संगमावर बसणं, असं करत दुपार गेली. खिद्रापूरला पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. कोपेश्वराच्या देवळात काळोख दाटला होता, कोरीवकाम हाताने चाचपावं लागत होतं. वन्सं म्हणाल्या, "हे देऊळ आपण पाहिलं असं कोणाला सांगायचं नाही." दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, सकाळी अकराला, आणि मग खरंच पाहिलं.

त्याचं कारण स्वर्गमंडपात आहे. देवळासमोरचा हा गोल मंडप, ४८ खांबांचा, आणि त्याचं छत मधोमध उघडं. सुमारे तेरा फुटांचं गोल आभाळ. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. उघड्या छतातून ऊन आत येतं ते गोलच पडतं आणि दिवसभर खांबांवरून, फरशीवरून सरकत राहतं. मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उन्हाचं वर्तुळ शिळेवर येतं. थंडीत मध्यान्हीलाही ते उत्तरेकडे कललेलं असतं. आम्ही फेब्रुवारीत त्या वर्तुळाच्या कडेला बसलो होतो, तासाभरात ते आमच्या पायांवरून निघून गेलं.

म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीने निघा, वाडीला फक्त उतरून गाडी बदला आणि आधी खिद्रापूर गाठा. बाहेरच्या बाजूला देवळाचा भार पाठीवर घेतलेले हत्ती आहेत, ते एकेक करून बघत प्रदक्षिणा घाला. आणि शंकराचं देऊळ असून नंदी नाही, हे लक्षात येईलच. सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, म्हणून नंदी इथे नाही. सतीच्या मृत्यूने शंकर कोपला, विष्णूने त्याची समजूत घातली. गाभाऱ्यात म्हणूनच दोन लिंगं, कोपेश्वर आणि धोपेश्वर. नंदी आहे तो नदीपलीकडे, कर्नाटकातल्या यडूरला. इतक्या अंतरावरून तो वाट बघतोय ही कल्पना मला दर वेळी हलवून जाते.

दुपारी वाडीला परत या. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, दत्ताच्या पादुकांसमोर, घाटाच्या पायऱ्यांवर सावलीत बसा. शाळेच्या मैत्रिणी म्हणजे बोलायला पुष्कळ असेल. निघताना कवठाची बर्फी घ्या, आंबटगोड, दुसरीकडे सहसा मिळत नाही. बासुंदी तिथेच खा, बाटलीत भरून नेलेली घरी पोचेपर्यंत राहील याचा भरवसा उन्हाळ्यात नाही. बाजारात कृष्णाकाठची वांगी दिसली तर भरतासाठी दोन पिशवीत टाका.

पावसाळ्यात जाणार असाल तर पाण्याची चौकशी करून निघा. पूर आला की देऊळच पाण्यात असतं.

लग्नाला चार महिने झाले. पन्हाळ्यावर एक रात्र राहणार आहोत. मला गडावरचं सगळं बघायचं असतं, हिला सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपायचं असतं. मागच्या सहलीत यावरून दोन दिवस अबोला झाला.
– एक वाचक, नाशिक

त्यांना झोपू द्या. पन्हाळा या बाबतीत सोयीचा गड आहे, गाडीरस्ता वरपर्यंत जातो, वस्ती गडावरच आहे, तुम्ही मुक्कामालाही गडावरच असाल. सहाला उठा, एकटे निघा, तीन दरवाजा आणि अंधारबाव बघून या. सकाळी तिथे धुकं असतं, माणूस नसतं. दहाला तुम्ही चहा घेऊन खोलीवर परत आलात तर त्या दिवसाची सुरुवात भांडणाने होणार नाही.

उरलेल्या वेळासाठी आमचा नियम घ्या. प्रत्येकीने एक जागा निवडायची, आणि दुसरीने "अजून किती वेळ?" हे विचारायचं नाही. मी अंबरखाना निवडते. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं. एकट्या गंगेत २५ हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आत गार काळोखात उभं राहिलं की सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा पुस्तकातला राहत नाही. जुलै १६६० मध्ये, भर पावसात, महाराज इथूनच रात्री विशाळगडाकडे निघाले. वन्सं निवडतात पराशर गुहांची बाजू, कारण कवी मोरोपंत १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मले आणि वन्संना शाळेत त्यांच्या आर्या पाठ होत्या. वन्सं आर्या म्हणतात, मी ऐकते. मला त्यातल्या निम्म्या कळत नाहीत, पण वन्संचा तो आवाज मला फक्त पन्हाळ्यावरच ऐकायला मिळतो.

तुमच्या पत्नी काय निवडतील ते तुम्हाला ठाऊक नसेल. सज्जाकोठीसमोर बसून नुसतं दरीकडे बघणंही निवडतील. मग तिथेच झुणका-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही मागवा आणि बसा. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात पन्हाळाही आहे, त्यामुळे रविवारी गाड्यांची रीघ असते. शनिवारी चढा, रविवारी जेवणाआधी उतरा.

किरणोत्सव बघायला यायचा विचार आहे. नक्की कधी?
– एक वाचक, लातूर

९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग आला तर नाही. एकाच दिवसासाठी इतक्या लांबून येऊ नका, दोन संध्याकाळी हाताशी ठेवा.

कोल्हापुरी चप्पल घ्यायची आहे, दोघांनाही. अस्सल कशी ओळखावी?
– एक वाचक, ठाणे

चप्पल उलटी करून तळ बघा. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, कातडी वादीने शिवलेली असते. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्याला विशिष्ट वास येतो, रसायनाचा उग्र वास आला तर ठेवून द्या. वाकवून बघा, कडेला पापुद्रे सुटले तर आत पुठ्ठा आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्यामुळे अथणीची चप्पल दाखवली तर ती नकली समजू नका.

नवी चप्पल पहिल्याच दिवशी घालून गाव फिरू नका, अंगठा सोलतो. घरी तेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवा, मग रोज तासभर घाला. पाण्यापासून जपा. आणि खरेदी सहलीच्या शेवटच्या तासात करा, संध्याकाळी, चालून पाय थोडे फुगलेले असताना. माप तेव्हाच बरोबर बसतं.