शेत विकून इंग्लंडला यावं का? कोल्हापूरच्या एका भावाला उत्तर

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहेस, बायको जीएनएम नर्स, तीन वर्षांची मुलगी. एजंट म्हणतोय, ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर, युरोपातली माणसं परत गेली, आता इंग्लंडला आपल्या लोकांची गरज आहे. बायकोला केअर वर्करचं, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या देखभालीचं काम, तू आणि पोरगी तिच्या व्हिसावर डिपेंडंट, आणि एजंटला द्यायचे 15 लाख. त्यासाठी 20 गुंठे काढावेत का, असं विचारलंयस.

या कामासाठी एक गुंठाही काढू नकोस. परदेशातून नवीन केअर वर्कर आणायची वाट 22 जुलै 2025 ला बंद झाली. त्याच्याही आधी, 11 मार्च 2024 पासून, नव्यानं येणाऱ्या केअर वर्करला घरच्यांना सोबत आणता येत नव्हतं. एजंट जे विकतोय ते दुकानात नाहीच.

पण त्याचं पहिलं वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणूनच माणसं फसतात. हे दार कुणी उघडलं आणि कुणी लावलं, ते जरा सविस्तर सांगतो.

मी 2013 साली कोल्हापूरच्या उद्यमनगरातली नोकरी सोडून इथं कॉव्हेंट्रीला आलो. 23 जून 2016 ला युरोपियन युनियन सोडायचं की नाही यावर मतदान झालं. आपण कॉमनवेल्थमधले म्हणून भारतीय पासपोर्टवर मला मत देता आलं. माझ्या शेजारच्या मशीनवर कितीतरी वर्षं काम करणाऱ्या पोलंडच्या माणसाला मात्र नाही. त्याच्या घरादाराचा फैसला होता आणि मत माझ्या हातात होतं. त्या दिवशी डब्यावर बसलो तेव्हा आम्ही दोघंही गप्प होतो. मी राहायच्या बाजूनं मत दिलं. निकाल लागला 51.9 विरुद्ध 48.1, बाहेर पडायच्या बाजूनं. आमच्या कॉव्हेंट्रीत तर 55 टक्क्यांहून जास्त लोकांनी बाहेर पडा म्हटलं. त्या रात्रीत पौंड दीड डॉलरवरून 1.33 च्या आसपास घसरला, 31 वर्षांतला नीचांक. घरी पाठवायचे पैसे झोपेतून उठेपर्यंत कमी झाले होते.

व्यापाराचं काय झालं हे तुला कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळीवरून लगेच कळेल. जीएसटीच्या आधी कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागायची, कागद तपासायचे, ड्रायव्हर तिथंच जेवण करायचे. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि तपासणी उठली. इंग्लंडनं नेमकं उलटं केलं. नाका नव्हता, तिथं स्वतःहून उभा केला. 31 जानेवारी 2020 ला देश बाहेर पडला, पण जुने नियम त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत चालले. युनियनशी नंतर झालेल्या करारात जकात नाही, हे खरं. पण माल इथंच बनला हे कागदावर सिद्ध करायचं, कस्टम्सचं डिक्लरेशन भरायचं, आणि त्याचा खर्च सोसायचा.

2021 च्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या कंपनीचा माल जर्मनीला निघाला होता आणि लाकडी पॅलेटवर उष्णता दिल्याचा शिक्काच नव्हता. युरोपात माल पाठवताना तो कधी लागलाच नव्हता, त्यामुळं डिस्पॅचमध्ये कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. शिरोलीतून एक्स्पोर्टची पेटी निघते तेव्हा गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि 'एचटी' अक्षरं असलेला शिक्का तू रोज बघत असशील. मीही तिथंच शिकलो होतो. दोन दिवस आम्ही माल एकेका पॅलेटवरून उतरवून शिक्क्याच्या पॅलेटवर चढवत होतो. मोठ्या कंपन्यांनी यासाठी वेगळी माणसं नेमली. 10-12 माणसांच्या वर्कशॉपना ते झेपलं नाही, माझ्या ओळखीतल्या दोघांनी युरोपची गिऱ्हाइकं सोडून दिली. सरकारच्या हिशेबावर स्वतंत्रपणे नजर ठेवणारी ओबीआर ही संस्था म्हणते, युनियनमध्ये राहिले असते त्या मानानं देशाची उत्पादकता शेवटी 4 टक्के कमी राहील. म्हणजे पगार वाढायला जी जागा हवी, तीच आक्रसली. इथं येणाऱ्यानं हे धरून चालावं.

आता माणसांचं. प्रचारात इथल्या करी रेस्टॉरंटवाल्या आशियाई मालकांना सांगितलं गेलं होतं, की युरोपचे लोक कमी झाले की तुमच्याकडचे आचारी आणता येतील. 2021 पासून युरोपचा आणि भारताचा माणूस एकाच नियमाखाली आला. त्याच वर्षी सप्टेंबरात ट्रक ड्रायव्हर कमी पडून पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. वृद्धांच्या केअर होममध्ये माणूस मिळेना, म्हणून 2022 च्या फेब्रुवारीत केअर वर्करसाठी व्हिसा खुला केला. आपल्याकडची पोरं-पोरी भराभर आली. 2023 पर्यंत, देशात येणारे वजा जाणारे, हा आकडा वर्षाला 9 लाखांच्या वर गेला.

आणि ज्यांनी 'परके कमी होतील' म्हणून मत दिलं होतं, ते भडकले. कॅमेरननंतर मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर, आठ वर्षांत पाच नवे पंतप्रधान आले आणि शेवटी शेवटी प्रत्येकाला हाच आकडा खाली आणायचा होता. कामाच्या व्हिसासाठी पगाराची अट 2024 च्या एप्रिलमध्ये 26,200 पौंडांवरून 38,700 वर, 2025 च्या जुलैत 41,700 वर. ज्या कामांना पदवीच्या तोडीचं कौशल्य लागत नाही, अशी बहुतेक कामं यादीतून गेली. कायमच्या वास्तव्यासाठी 5 ऐवजी 10 वर्षं थांबायला लावायचा इरादा सरकारनं 2025 च्या मे महिन्यात जाहीर केला. भावा, ज्या गरजेवर एजंट तुला नेतोय ती गरज अजून आहे. पण या देशाच्या राजकारणाला ती माणसं नकोत, आणि व्हिसा राजकारण देतं.

पन्हाळ्याकडची एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर फसली. पैसे भरून आली, इथं कंपनीकडं आठवड्याला 8-10 तासांचंच काम. मग कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस कामावर आणायचा परवाना, गेलं आणि तिला 60 दिवसांत दुसरा मालक शोधा किंवा देश सोडा, असं पत्र आलं. तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा त्यांना काय सांगावं ते मला सुचलं नाही.

तुमचा खरा रस्ता बायकोचा आहे, आणि तो नर्स म्हणून. केअर वर्कर म्हणून तिनं येऊ नये, तिचं शिक्षण त्यापेक्षा मोठं आहे. नर्सची नोंदणी एनएमसी या इथल्या नर्सिंग कौन्सिलकडं होते. आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिहिण्यात 6.5 आणि बाकी तिन्हींत 7 लागतात, किंवा दवाखान्यातल्या इंग्रजीची ओइटी द्यावी. सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा भारतात देता येते, प्रात्यक्षिक इथं येऊन. सरकारी दवाखान्यात सुरुवातीचा पगार 2025-26 मध्ये वर्षाला 31 हजार पौंडांच्या आसपास होता, नर्सला 41,700 ची अट नाही, आणि तिच्यासोबत तू आणि पोरगी येऊ शकता. जागा मात्र 2022-23 सारख्या निघत नाहीत, सहा महिने-वर्ष धीर धरावा लागेल. व्हिसासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा हेल्थ सरचार्जही नर्सला आणि तिच्या घरच्यांना माफ आहे. तू स्वतःच्या नोकरीवर आलास तर तो मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, तीन वर्षांचा व्हिसा असेल तर तीनही वर्षांचा आधीच भरायचा. पौंड 115 रुपये धरला तरी तुझ्या एकट्याचे साडेतीन लाखांच्या वर.

24 जुलै 2025 ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, त्याचं नाव एजंट घेईलच. बाहेर पडल्यामुळंच ब्रिटनला असा करार एकट्यानं करता आला, हेही खरं. पण तो मुख्यतः मालाचा करार आहे. आचारी, योगशिक्षक, संगीतकार अशा 1,800 जणांची वर्षाला सोय त्यात आहे, आणि कंपनीनं तात्पुरतं पाठवलेल्यांना इथला सामाजिक विमा भरावा लागू नये, असं सोबतच ठरलं. क्वालिटी इन्स्पेक्टरला त्यातून नवीन व्हिसा मिळत नाही. उलट तुमच्या फौंड्रीला इथली ऑर्डर मिळायची शक्यता त्यातून जास्त.

एजंटकडून कंपनीचं पूर्ण नाव लेखी माग. स्पॉन्सर लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर फुकट बघता येते. नाव सापडलं तरी पैसे भरू नकोस, आधी पत्राचा फोटो मला पाठव. वहिनींना आयइएलटीएसचं पुस्तक मात्र या आठवड्यातच आणून दे.