तणनाशक अन् दोन जीवाची बाई: आलेल्या प्रश्नांचं उत्तर

कपाशीवाल्या दोन-तीन भावांचा एकच प्रश्न आलाय, बायकोला तिसरा महिना आहे, मागच्या आठवड्यात ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तेव्हा ड्रममधून पाणी तीच भरून देत होती, आता बाळाच्या मेंदूला काही होईल का.

आधी घाबरू नका भाऊ. एक दिवस पाणी भरून दिलं म्हणजे बाळाला काही झालंच असं नाही, तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरला हे सांगा मात्र, मी कृषीवाला आहे. पण "तणनाशक गवत मारतं, माणसाला काय होतंय" हे दुकानातून ऐकून येता ना ते डोक्यातून काढा. जपानच्या चिबा युनिव्हर्सिटीवाल्यांनी 2020 मध्ये छापलंय, गाभण उंदरांना ग्लायफोसेटवालं तणनाशक पाण्यातून पाजलं, पिल्लं दूध पीत होती तोवर चालू ठेवलं, तर पिल्लं ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्यासारखी वागायला लागली. डोस 0.098 टक्के, म्हणजे आपण पंपाला शंभर मिली टाकतो त्याच्या साधारण तिसरा हिस्सा, अन् तेच पाणी रोज प्यायला, त्यामुळे उंदराचं जसंच्या तसं बाईला लावू नका. माणसातला अभ्यास कॅलिफोर्नियाचा, 2019 चा. गरोदरपणी घराच्या 2 किलोमीटरच्या आत ग्लायफोसेट, क्लोरपायरीफॉस (हे कीटकनाशक) असलं काही फवारलं गेलं त्या मुलांत ऑटिझम थोडा जास्त दिसला. थोडाच, आणि औषधानेच झाला असं सिद्ध नाही.

मला काळजी वेगळीच आहे. मेंदू अन् मणका जिच्यातून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आसपास मिटते, तेव्हा दिवस गेलेत हे बाईलाच माहीत नसतं. म्हणून नवीन लग्न झालेल्या सुनेलाही फवारणीच्या कामाला लावू नका.

आता बाई पंप तर पाठीवर घेत नाही, मग औषध लागतं कुठून? ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून ढवळते, तुमचा ओला शर्ट पोराच्या कपड्यांसोबत धुते, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तणातून अनवाणी जाते. परवा एका धुऱ्यावर तर तणनाशकाच्या रिकाम्या कॅनमध्ये प्यायचं पाणी ठेवलेलं पाहिलं, मी तिथंच कॅन फोडायला लावला. फवारणीचे कपडे तुमचे तुम्ही धुवा, वेगळे, हातात ग्लोव्हज घालून. अन् ग्लायफोसेट आपण स्वतः मारायचंच नाहीये, 2022 च्या ऑक्टोबरपासून केंद्राचा नियम आहे की फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरने, म्हणजे परवाना असलेल्या फवारणीवाल्याने मारायचं, लेबलवर कपाशी नाहीच. चोरबीटीचं, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या बेकायदा कपाशी बियाण्याचं लफडं वेगळं, ते आज काढत नाही.

पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक असेल तर जास्त जपा, पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, 108 ला फोन लावा अन् डबा सोबत न्या.

एका काकूंनी विचारलंय सून निंदायला गेली तर चालेल का. न फवारलेल्या वावरात खुशाल जाऊ द्या, वाकून कंबर भरत असेल तर ते नर्सबाईंना विचारा.